एबी फॉर्मच्या आधीची निवडणूक

(दृश्य: सांगली. सरकारी सभागृह. टेबलावर पारदर्शक भांडं, त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या.)

जिल्हा परिषदेच्या गटांच्या, म्हणजे मतदारसंघांच्या, आरक्षणाची सोडत आहे. चिठ्ठी काढायला शाळेतली एक लहान मुलगी बोलावली आहे. ती भांड्यात हात घालते, अधिकारी चिठ्ठी उलगडून गटाचं नाव वाचतात, आणि मागच्या रांगांमधली माणसं एकदम फोन कानाला लावतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा. वाड्या-वस्त्यांपर्यंत बातमी पोचायला पाच मिनिटं लागत नाहीत. आपला गट महिलेसाठी राखीव. शेजारचा सर्वसाधारण. पलीकडचा ओबीसी.

जिल्हा परिषद लढवू पाहणाऱ्या कार्यकर्त्याला हा पहिला निकाल. अजून अर्ज नाही, चिन्ह नाही, भोंग्याची रिक्षा नाही. तरी वर्षानुवर्षं गटात फिरलेल्या माणसाचं पुढे काय होणार, हे बरंचसं या सभागृहात ठरतं.

(दृश्य: तालुक्याचा नकाशा. गटांच्या सीमा.)

जिल्ह्याचे गट पाडलेले असतात. प्रत्येक गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून जातो. प्रत्येक गटात दोन गण, आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. मतदार एकाच वेळी दोन मतं देतो, एक गटासाठी आणि एक गणासाठी. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. तिथे पॅनेल असतं, भावकी असते. गटात आणि गणात मात्र पक्ष स्वतःच्या चिन्हासह उतरतो. गावातला माणूस पक्षाचा उमेदवार होतो तो इथे, पहिल्यांदा.

या व्यवस्थेशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९७९ साली तासगाव तालुक्यातल्या सावळज गटातून अंजनी गावचा एक तरुण जिल्हा परिषदेवर गेला. आर. आर. पाटील. १९९० मध्ये ते आमदार झाले. ग्रामविकास खातं त्यांच्याकडे असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आणि माणसं हातात झाडू घेऊन गावाच्या गल्लीत उतरली. आबा, म्हणजे हेच आर. आर. पाटील, पुढे उपमुख्यमंत्री झाले. या साऱ्याची पहिली पायरी सावळजचा गट होता. म्हणून गटाच्या उमेदवारीला आम्ही किरकोळ गोष्ट मानत नाही.

(दृश्य: पक्ष कार्यालयाबाहेर उभ्या गाड्या. पायऱ्यांवर बसलेली माणसं. हातात फाइली.)

सोडत झाली की मुलाखती. पक्षाच्या कार्यालयात इच्छुकांना बोलावतात. समोर पाच-सहा नेते. प्रश्न ठरलेले. गटात गावं किती? गेल्या वेळी आपल्या पक्षाला कुठे कमी पडलं? सोसायटी कुणाच्या ताब्यात आहे? दूध संघात, कारखान्यात तुमचे संबंध कसे? आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, खर्चाचं काय?

गावातल्या शाळेचे किती वर्ग गळतात, उपकेंद्रात बाळंतपणं होतात की नाही, जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर येतो का, हे क्वचित कुणी विचारतं. खरं तर जिल्हा परिषदेचं काम तेच. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, गावजोड रस्ते, ग्रामीण पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय दवाखाने. मतदारही उमेदवाराला टेंभूचं पाणी कधी येणार, म्हैसाळचं आवर्तन कधी सुटणार, असं विचारतो. या दोन्ही सिंचन योजना राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसानं पाण्याचंच विचारावं, यात त्याचं काही चुकत नाही. पण उमेदवारानं तरी ठामपणे सांगावं, की ते पाणी माझ्या हातात नाही. तुमच्या पोराच्या वर्गाचं छप्पर माझ्या हातात आहे.

मुलाखत संपते. 'वरून कळवू' एवढं उत्तर मिळतं. मग थांबायचं.

(दृश्य: तहसील कार्यालय. रांग. भिंतीवरचं घड्याळ.)

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला मुदत संपते. इथे ज्या कागदाची वाट सगळे पाहतात, तो एबी फॉर्म. 'ए' म्हणजे या जिल्ह्यात उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षानं कुणाला दिला त्याचं पत्र. 'बी' म्हणजे त्या अधिकाऱ्यानं ठरवलेल्या उमेदवाराचं नाव. ही दोन पत्रं वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापर्यंत पोचली, तरच पक्षाचं चिन्ह.

बंडखोरीच्या भीतीनं पक्ष हे फॉर्म शेवटच्या घटकेपर्यंत हातात ठेवतात. लवकर दिला तर नाराज माणूस समोरच्या पक्षाकडे जाईल, हा हिशोब. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी दोन-दोन इच्छुक अर्ज भरून एकाच फोनची वाट पाहत उभे असतात. दोघांचे कार्यकर्ते शेजारी शेजारी, बोलत नाहीत. दोघांनीही गावोगाव सांगून ठेवलेलं असतं, तिकीट आपलंच. मग कुणाच्या तरी गाडीतून लिफाफा येतो.

आमचं म्हणणं हेच आहे. मतदार बटण दाबायला येतो तेव्हा निम्मी निवड उरकलेली असते, आणि ती जिथे उरकते तिथे त्याला कुणी बोलावलेलं नसतं. इच्छुकांच्या मुलाखती जिल्ह्याच्या कार्यालयात बंद दाराआड का व्हाव्यात? गटातल्या मोठ्या गावात, मारुतीच्या पारावर, चार गावच्या माणसांसमोर घ्याव्यात. कोण किती पाण्यात आहे, ते लोकांना दिसेल. पक्षालाही दिसेल.

(दृश्य: घराच्या ओसरीवर पसरलेले कागद. दाखले, झेरॉक्स, जुनं शाळेचं रजिस्टर.)

आता कागदांकडे वळू, कारण उमेदवारी इथेही जाते.

वय एकवीस पूर्ण हवं. मतदार यादीत नाव हवं, सूचक हवा. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांची माहिती देणारं शपथपत्र हवं. घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला हवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर लढता येत नाही. २०१७ च्या निवडणुकीत अर्जही आधी ऑनलाइन भरायचा होता, मग त्याची छापील प्रत सही करून द्यायची. गावात रेंज नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेत रात्री अकरापर्यंत बसायचं.

सगळ्यात जास्त दमछाक होते ती राखीव जागेवरच्या बाईची. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण जात मिळते वडिलांकडून, म्हणून दाखला माहेरचा. मतदार यादीत नाव सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, हे कागदानं सिद्ध करायचं. जात वैधतेसाठी वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळेचा पुरावा शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर महसूल दप्तरातली जुनी नोंद काढायची. सोडतीपासून अर्जापर्यंत फार दिवस हातात नसतात. जत तालुक्यात तर आणखी एक पेच आहे. तिथल्या कितीतरी सुना विजापूर, अथणीकडच्या. माहेर कर्नाटकात असलं, की महाराष्ट्रातल्या राखीव जागेसाठी त्या जातीचा लाभ मिळत नाही. वीस वर्षं इथे नांदलेली, बचत गट चालवलेली, ग्रामसभेत उभी राहून बोलणारी बाई त्या जागेवर उभी राहू शकत नाही.

आणि मग तिच्या जागी कुणीतरी आपल्या घरातली बाई उभी करतो. पत्रकावर तिचा फोटो लहान, साहेबांचा मोठा. आम्हाला हे मान्य नाही. बचत गटाचे हिशोब ठेवणाऱ्या, बँकेत मॅनेजरशी भांडून कर्ज मंजूर करून घेणाऱ्या बायका प्रत्येक गटात आहेत. पक्षानं आधी त्यांचं दार ठोठावावं, आणि सोडतीची वाट न पाहता त्यांच्या वैधतेचे कागद तयार करायला हात लावावा. पक्षाच्या तालुकाध्यक्षाला एवढं काम अवघड नाही.

(दृश्य: रात्रीची कोपरा सभा. पिवळा बल्ब. पुढे बायका, मागे मोटारसायकलींवर बसलेली पोरं.)

प्रचार सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यावर फार बोलत नाही. एकच सांगू. गटाचा उमेदवार आणि गणाचे दोन उमेदवार एकाच गाडीतून फिरतात, पण गावात शिरल्यावर प्रत्येकाला आपली आपली भावकी भेटते. "दादा, वरचं मत तुम्हाला, खालचं आमच्या पोराला," असं हात जोडून स्पष्ट सांगणारी म्हातारी माणसं असतात. त्या गणातला आपल्याच पक्षाचा उमेदवार शेजारी उभा असतो.

(दृश्य: जिल्हा परिषदेची बंद दारं. नामफलक.)

२०१७ साली सातारा-सांगलीत २१ फेब्रुवारीला मतदान झालं. त्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, गटांची रचना बदलत होती, आणि प्रशासकांच्या हाती कारभार गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला. तीन वर्षांहून जास्त काळ गटाला सदस्यच नव्हता. कार्यकर्ते मात्र लग्नाला, दहाव्याला, जत्रेच्या कुस्त्यांना जातच राहिले, पदरचा खर्च करत राहिले. त्यातले किती टिकले, हे त्या त्या गावालाच ठाऊक.

निवडून आलेल्याला पुढे पक्षाचा व्हिप असतो, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा आदेश. १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा जिल्हा परिषद सदस्यालाही लागू आहे. अध्यक्षपदाच्या मतदानात व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. हरलेल्याला व्हिप नसतो, पण खर्चाचा हिशोब त्यालाही चुकत नाही. निकालानंतर तीस दिवसांत तो द्यायचा. दिला नाही, तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवता येतं. पहिल्यांदा उभे राहिलेले कितीतरी जण इथे अडकतात. मंडपवाल्याची पावती नाही, डिझेलची नोंद नाही, आणि प्रचारात सोबत असलेली माणसं आपापल्या कामाला गेलेली. एबी फॉर्म देताना पक्षानं नेता पाठवला होता. हिशोबाच्या दिवशी त्यानं लिहिता-वाचता येणारा एक कार्यकर्ता तरी पाठवावा, पावत्यांचं पाकीट घेऊन उमेदवारासोबत तहसीलला जाणारा.