खतावणी मागे नेली, रोजकीर्दही गेली

नमस्कार. विषय स्टोरेज स्नॅपशॉटचा आहे, पण सुरुवात दुकानाच्या चोपड्यांपासून करतो. आमच्या आजोबांच्या किराणा दुकानात दोन वह्या असायच्या. दिवसभरात जे घडेल ते घडलं त्या क्रमाने रोजकीर्दीत. रात्री जेवणं झाली की तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत. डेटाबेस आजही हेच करतो. रीडू लॉग ही त्याची रोजकीर्द, डेटाफाइल ही खतावणी. तुमचा कमिट झाला, म्हणजे व्यवहार पक्का झाला, याचा अर्थ रोजकीर्दीत नोंद पडली, एवढंच. खतावणीत ती सवडीने जाते.

आता स्नॅपशॉट. ॲरे, म्हणजे अनेक डिस्कचं स्टोरेज यंत्र, स्नॅपशॉट घेतो तेव्हा तुमचा डेटा कॉपी करत नाही. कुठला ब्लॉक कुठे आहे ही यादी फक्त गोठवतो. पुढे बदल आला की नवा ब्लॉक दुसरीकडे लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही. स्टोरेज बनवणाऱ्या नेटॲप कंपनीच्या डेव्ह हिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वॅफल फाइल सिस्टिमवर जो शोधनिबंध मांडला, त्यात ही युक्ती सविस्तर आहे. काही ॲरे उलटं करतात: जुना ब्लॉक आधी बाजूला नेतात, मग त्या जागी नवा लिहितात. तिथे लिहिण्याचा वेग मंदावतो. दोन्हीकडे स्नॅपशॉट मात्र काही सेकंदांत होतो, डेटाबेस दहा टेराबाइटचा असला तरी. म्हणून तर सगळे त्याच्या प्रेमात पडतात.

गोम इथे आहे. खतावणी एका व्हॉल्यूमवर (ॲरेवरच्या एका विभागावर), रोजकीर्द दुसऱ्यावर. समजा रोजकीर्दीचा फोटो आधी काढला आणि दोन सेकंदांनी खतावणीचा. मधल्या दोन सेकंदांत खतावणीत जे चढलं, त्याची नोंद रोजकीर्दीत सापडणार नाही. डेटाबेस अशा जोडीवर उघडायला नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून कन्सिस्टन्सी ग्रुप: सगळे व्हॉल्यूम एकाच क्षणी गोठवायचे. मग परिस्थिती लाइट गेल्यासारखी होते, आणि लाइट गेल्यावर स्वतःला सावरणं डेटाबेसला येतं.

ओरॅकल या डेटाबेसमध्ये दुसरी वाट आहे, 'बिगिन बॅकअप' ही आज्ञा. याबद्दल मुलाखतीत हमखास चुकीचं उत्तर येतं, की तेव्हा डेटाफाइलमध्ये लिहिणं थांबतं. थांबत नाही! गोठतो तो फाइलच्या शीर्षातला चेकपॉइंट, म्हणजे रोजकीर्द कुठपर्यंत उतरली याची खूण. आणि एखादा ब्लॉक पहिल्यांदा बदलला की तो अख्खाच्या अख्खा रीडूमध्ये उतरवला जातो. टेपवर कॉपी होत असे तेव्हा हा मोड तासन् तास चालायचा आणि रीडू फुगायचा. स्नॅपशॉटला काही सेकंद पुरतात. मग 'एंड बॅकअप', चालू लॉग आर्काइव्ह करायचा, म्हणजे त्याची प्रत जपून ठेवायची, आणि त्यानंतर आर्काइव्हच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट. खतावणी आधी, रोजकीर्द नंतर. हा क्रम डोक्यात पक्का ठेवा.

आता एक प्रसंग. एका सहकारी बँकेत मी तेव्हा कंत्राटावर होतो. व्याजाची बॅच दुपारी चुकून दोनदा चालली. कुणीतरी म्हणालं, पहाटे दोनचा स्नॅपशॉट आहे, फिरवा मागे. स्टोरेजवाल्याने सगळा ग्रुप निवडून रिव्हर्ट दाबलं. चार मिनिटांत काम फत्ते, चहा मागवला. मी डेटाबेस उघडण्याआधी, आर्काइव्ह लॉग लावून दुपारच्या बॅचच्या अलीकडपर्यंत यावं म्हणून डिरेक्टरी बघितली, तर शेवटची फाइल पहाटे १.५२ ची. ऑनलाइन रीडू (चालू लॉग), आर्काइव्ह, सगळं त्याच ग्रुपमध्ये होतं. खतावणी मागे नेताना आम्ही रोजकीर्दही मागे नेली होती. सकाळभराचे व्यवहार शाखांनी रात्री अकरापर्यंत बसून व्हाउचरांवरून पुन्हा टाकले. तेव्हापासून माझा हट्ट: डेटाफाइल एका व्हॉल्यूमवर, ऑनलाइन रीडू आणि कंट्रोल फाइल (कुठली फाइल कुठे आहे ही डेटाबेसची नोंद) वेगळ्या, आर्काइव्ह तिसऱ्या. स्नॅपशॉट सगळ्यांचे घ्या. मागे नेताना फक्त डेटाफाइल न्या. आणि रिव्हर्ट दाबण्याआधी आहे त्या स्थितीचाही एक स्नॅपशॉट घ्या. तो फुकट आहे हो!

बाकीचं भरभर सांगतो. त्याच ॲरेवरचा स्नॅपशॉट ॲरेबरोबरच जातो, त्यामुळे त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. शिवाय ॲरेला ब्लॉकच्या आतलं काही कळत नाही. सडका ब्लॉक असेल तर तो तसाच, इमानेइतबारे जपला जातो. तपासणी आरमॅनने, म्हणजे ओरॅकलच्या बॅकअप-साधनाने, करावी लागते.

गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेची ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट अनेकांना माहीत असेल, त्यांनी स्वतःच ती सविस्तर जाहीर केली. चुकीच्या सर्व्हरवर डिरेक्टरी पुसली गेली, सुमारे ३०० जीबीमधले साडेचार उरले. पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसचा रोजचा डंप (फाइलमध्ये उतरवलेली प्रत) आवृत्ती न जुळल्यामुळे गुपचूप फसत होता. तो फसल्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. वाचवलं ते एका इंजिनिअरने सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने घेतलेल्या एलव्हीएम (लिनक्सची डिस्क-व्यवस्था) स्नॅपशॉटने. आणि तो परत आणायला सुमारे १८ तास लागले, कारण प्रत मंद डिस्कवर होती.

म्हणून आमच्याकडे दर शनिवारी स्नॅपशॉटचा क्लोन दुसऱ्या होस्टवर माउंट करून डेटाबेस उघडतो आणि लागलेली मिनिटं भिंतीवरच्या कागदावर लिहितो. बहुतेक वेळा वीस-बावीस. गेल्या महिन्यात एकदा ९५ लागली. नव्या होस्टचं झोनिंग, म्हणजे ॲरेशी बोलायची परवानगी, कुणी केलंच नव्हतं.