लार्स हान्सेनची दुसरी बोट

अमेरिकेला गेलेल्या नॉर्वेजियन पूर्वजाचा माग काढायचाय. पडद्यावरचं पान नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहराच्या पोलिसांच्या नोंदवहीतलं आहे. परदेशी निघालेल्याचं नाव, वय, धंदा, गाव, जायचं ठिकाण, तारीख आणि बोट. बोटीच्या रकान्यात लिहिलंय ‘टासो’.

न्यूयॉर्कच्या उतारूयाद्यांमध्ये ‘टासो’ शोधाल, तर हाती काही लागणार नाही. ती जायची इंग्लंडमधल्या हल बंदरापर्यंत. तिथून उतारू रेल्वेने लिव्हरपूलला आणि पुढे अटलांटिक ओलांडणाऱ्या दुसऱ्या बोटीवर. वाफेच्या बोटी आल्यावर असंख्य नॉर्वेजियन कुटुंबं याच वाटेने गेली. शोध घेणारे बहुतेकजण इथेच अडतात, कारण दुसऱ्या बोटीचं नाव या वहीत अनेकदा नसतंच.

मग ती शोधायची कशी? पोलिसांच्या तारखेत दोन ते पाच आठवडे मिळवा. त्या मुदतीत लिव्हरपूलहून न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि क्वेबेकला लागलेल्या बोटींच्या याद्या काढा. एकट्या नावावर विसंबू नका. नवरा ३४, बायको ३१, मुलं ६ आणि ४, एक तान्हं, अशी वयांची ओळ जुळवा. नावाचं स्पेलिंग बिघडतं, एखादं वय वर्षभराने चुकतं, पण अख्खं कुटुंब सहसा ओळखू येतं. १८९० पासून ब्रिटनहून सुटलेल्या बोटींच्या याद्याही आहेत. मधला दुवा त्यांत मिळतो.

आता नावाचं. समजा, लार्स हान्सेन. म्हणजे हान्सचा मुलगा. त्याची बहीण हान्सदात्तर, त्याचा मुलगा लार्सेन. जोडीला शेतवाडीचं नाव, आणि वाडी सोडली की तेही बदलायचं. कायम आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्याने आली. त्यामुळे पोलिसांकडे हान्सेन असलेला माणूस अमेरिकेत वाडीच्या नावाने ‘हाउगेन’ झालेला असू शकतो. दोन्ही नावं शोधा. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणी नाक्यावर, अधिकाऱ्यांनी नावं बदलली, ही समजूत मात्र सोडून द्या. याद्या बोटकंपन्या बोट सुटतानाच बनवत. अधिकारी त्यावरून फक्त पडताळणी करत.

नोंदवह्या सगळीकडे सारख्या नाहीत. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ओस्लो, आणि ट्रॉन्डहाइमच्या वह्या १८६७ पासूनच्या, बर्गेनच्या १८७४ पासूनच्या. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवेट’ या संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात. स्टाव्हांगरच्या जुन्या वह्या मात्र नष्ट झाल्या. ४ जुलै १८२५ ला ‘रेस्टोरॅशन’ हे अमेरिकेला वसायला निघालेल्यांचं पहिलं जहाज ५२ जणांना घेऊन सुटलं ते याच बंदरातून, म्हणून ही हानी फार सलते.

सर्वांत अवघड काळ १८५० ते १८६५. ब्रिटनने १८४९ मध्ये आपल्या वसाहतींच्या व्यापारात परदेशी जहाजांना आडकाठी करणारे जुने नौकानयन कायदे रद्द केले आणि नॉर्वेची शिडाची जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला माणसं नेऊन परत येताना लाकूड भरू लागली. पण क्वेबेकच्या उतारूयाद्या सलग मिळतात त्या १८६५ पासूनच. या पंधरा वर्षांसाठी जहाजाचा नाद सोडा आणि चर्चच्या वहीतली ‘गाव सोडून गेलेल्यांची’ यादी उघडा. गावच माहीत नसेल, तर विस्कॉन्सिन-मिनेसोटातल्या नॉर्वेजियन लुथरन चर्चच्या नोंदी पाहा. त्यांत जन्मगाव बरेचदा असतं. गाव मिळालं की बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख आणि आईबाप, दोन्ही ताडून घ्या, कारण एकाच परगण्यात लार्स हान्सेन तीन-चार तरी निघतात.