विभक्तीचा नकाशा: स्लाव्ह भाषांतली तृतीया कुठून कुठपर्यंत

रशियन शिकायला बसलं की तृतीया म्हणजे साधन, असं पहिल्यांदा सांगितलं जातं. ‘पिशू कारान्दाशोम’, मी पेन्सिलीने लिहितो. इथपर्यंत मराठी माणसाला काहीच अडचण नाही. पुढे तीच विभक्ती ‘लेसोम’मध्ये भेटते, म्हणजे रानातून, मग ‘नोच्यू’, म्हणजे रात्री, आणि मग ‘बिल उचितेलेम’, म्हणजे तो शिक्षक होता. पेन्सिल साधन आहे हे मान्य. पण रान, रात्र आणि शिक्षक यांना साधन कसं म्हणायचं?

याला जुन्या व्याकरणांचं उत्तर म्हणजे यादी: तृतीयेचे उपयोग एक, दोन, तीन, असे पंधरा. याद्या खोट्या नसतात, पण यादीला आकार नसतो. ‘रात्री’ आणि ‘रानातून’ जवळचे उपयोग आहेत की लांबचे, हे यादी सांगत नाही. उलट टोकाचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी 1936 मध्ये दिलं आणि 1958 मध्ये नेटकं केलं: प्रत्येक विभक्तीला एकच व्यापक अर्थ असतो आणि तो तीन लक्षणांतून घडतो. क्रिया त्या नामाकडे वळलेली आहे का, नाम वाक्याच्या कडेला आहे का, आणि त्याची किती व्याप्ती क्रियेत सामील आहे, ही ती तीन लक्षणं. या हिशेबात द्वितीयेला फक्त दिशा आहे, चतुर्थीला दिशाही आहे आणि कडाही, तृतीयेला नुसती कडा. तीन लक्षणांत रशियनच्या आठ विभक्ती बसतात, कारण याकोब्सन दुसरी षष्ठी आणि दुसरी सप्तमी वेगळी मोजतात. ‘ओ लेसे’ म्हणजे रानाविषयी, पण ‘व लेसू’ म्हणजे रानात. तो फरक त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडायचाही नसतो.

रचना देखणी आहे. तिची अडचण अशी की ‘कडेला असणं’ हा अर्थ इतका मोठा आहे की त्यात काहीही मावतं. स्लोव्हेनियनमध्येही तृतीया आहे, पण ‘रानातून’ हा अर्थ तिथे तृतीयेने सांगत नाहीत. का नाही, याचं उत्तर या तीन लक्षणांतून निघत नाही.

तिसरी वाट नकाशाची. लॉरा जँडा यांचं झेक चतुर्थी आणि रशियन तृतीयेवरचं 1993चं पुस्तक एकेका विभक्तीच्या आत अर्थ एकमेकांना कसे जोडलेले आहेत ते दाखवतं. मार्टिन हास्पेलमाथ यांनी 2003 मध्ये मांडलेली पद्धत अनेक भाषा एकाच चित्रावर आणते. आज आपण ही दुसरी पद्धत स्लाव्ह तृतीयेवर प्रत्यक्ष चालवून पाहू. तिचा नियम छोटा आहे. प्रत्येक उपयोग हा एक बिंदू. बिंदू रेषांनी असे जोडायचे की कोणत्याही भाषेतल्या कोणत्याही एका चिन्हाचे, म्हणजे प्रत्ययाचे किंवा शब्दयोगीचे, सगळे बिंदू सलग पडले पाहिजेत, मध्ये खंड नको. आणि हे कमीत कमी रेषांत साधायचं.

पहिली पायरी बिंदू ठरवण्याची. निदान एका भाषेने दोन उपयोग वेगळ्या चिन्हांनी सांगितले असतील, तरच त्यांना दोन बिंदू द्यायचे. आपल्याला फरक जाणवतो म्हणून बिंदू वाढवायचे नाहीत. चाकूने कापणं आणि पेन्सिलीने लिहिणं हे कुठलीही स्लाव्ह भाषा वेगळं करत नसेल, तर तो एकच बिंदू. आज सहा बिंदू पुरे आहेत: साधन, सोबत, मार्ग, वेळ, कर्मणी प्रयोगातला कर्ता, आणि ‘होता’बरोबरचं विधेय. भाषा पाच: रशियन, पोलिश, झेक, स्लोव्हेनियन, बल्गेरियन. म्हणजे तीस घरांचा तक्ता.

इथे एक सावधगिरी. विभक्तीसोबत शब्दयोगी आला की ते वेगळं चिन्ह धरायचं. रशियनमध्ये ‘पेन्सिलीने’ला नुसती तृतीया लागते, पण ‘भावाबरोबर’ म्हणायला ‘स ब्रातोम’, म्हणजे ‘स’ अधिक तृतीया. प्रत्यय एकच आहे म्हणून दोन्ही एका घरात टाकले, तर स्लोव्हेनियन आणि रशियन यांच्यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक तक्त्यातून नाहीसा होतो.

आता घरं भरू. रशियनची नुसती तृतीया सोबत सोडून बाकी पाचही बिंदूंवर आहे. कर्मणी कर्ताही तिच्यात येतो: घर ‘राबोचिमि’ बांधलं गेलं, कामगारांकडून. झेकमध्ये ती साधन (‘पीशू तुश्कोउ’), मार्ग (‘लेसेम’), कर्ता आणि विधेय एवढ्यांवर आहे. विधेयात तिच्याबरोबर प्रथमाही चालते. वेळेसाठी मात्र रोजच्या झेकमध्ये ‘व नोत्सि’, शब्दयोगी आणि सप्तमी. पोलिशमध्ये नुसती तृतीया साधन, मार्ग (‘लासेम’), वेळ (‘नोत्सों’) आणि विधेय (‘येस्त नाउचिच्येलेम’) यांवर आहे, कर्त्यावर नाही. पोलिश कर्ता ‘प्शेझ’ घेतो आणि त्यापुढे द्वितीया. हेच ‘प्शेझ’ रान ओलांडून जाण्यालाही लागतं, तासभर चाललेल्या कामालाही लागतं, आणि ‘तुझ्यामुळे झालं’ अशा ठपक्यालाही.

स्लोव्हेनियनमध्ये नुसती तृतीया उरलेलीच नाही, तिला शब्दयोगी लागतोच. ‘पीशेम स स्विन्चनिकोम’, पेन्सिलीने लिहितो. ‘ग्रेम स प्रियातेलेम’, मित्राबरोबर जातो. साधन आणि सोबत यांचं चिन्ह एकच. (पुढचा वर्ण अघोष असेल तर ‘स’, एरवी ‘झ’. शोधताना दोन्ही रूपं शोधली नाहीत तर निम्मा माल हातचा जातो.) जर्मनीतल्या लुसेशियातल्या वरच्या सोर्बियनचीही हीच स्थिती. बल्गेरियनने नामांच्या विभक्तीच टाकल्या; तिथे साधन आणि सोबत दोघांना ‘स’, मार्ग आणि वेळ दोघांना ‘प्रेझ’ (‘प्रेझ गोराता’ रानातून, ‘प्रेझ नोश्ता’ रात्री), आणि कर्त्याला ‘ओत’. विभक्ती नसलेली भाषा विभक्तीच्या नकाशात कशाला, असं वाटेल. पण नकाशा अर्थांचा आहे, प्रत्ययांचा नाही. शिवाय प्रत्यय गेल्यावर अर्थ कुठे फुटले आणि कुठे चिकटून राहिले, हे बल्गेरियनइतकं उघड दुसरीकडे दिसत नाही.

रेषा आता आपोआप पडू लागतात. स्लोव्हेनियन आणि बल्गेरियनमुळे साधन आणि सोबत जोडावेच लागतात. बल्गेरियन ‘प्रेझ’मुळे मार्ग आणि वेळ. पोलिश ‘प्शेझ’मुळे मार्ग आणि कर्ता. उरले साधन, मार्ग आणि विधेय. पोलिश आणि झेक या दोघींत ते एकत्र आहेत, पण एकमेकांना नेमके कसे जोडायचे हे या पाच भाषांतून ठरत नाही. साधन–विधेय–मार्ग अशी साखळीही चालेल, किंवा मार्गाला दोघं स्वतंत्रपणे टांगता येतील, किंवा विधेय साधनाला. अशा वेळी आपल्या अंदाजाने रेषा मारायची नाही, आणखी एक भाषा आणायची. सर्बियनमध्ये ‘ओलोव्कोम’ पेन्सिलीने, ‘शुमोम’ रानातून, ‘पेत्कोम’ दर शुक्रवारी, या सगळ्यांना नुसती तृतीया आहे. पण ‘तो शिक्षक होता’ला आजच्या भाषेत प्रथमा: ‘बिओ ये उचितेल’. विधेय मधे नसतानाही साधन आणि मार्ग एकत्र राहिले, म्हणजे साखळीचा पर्याय बाद. मराठीही इथे हीच साक्ष देते: ‘चाकूने’ आणि ‘या रस्त्याने’ यांना एकच ‘ने’ आहे, आणि ‘तो शिक्षक होता’मध्ये त्याचा मागमूस नाही.

सहा बिंदूंमध्ये जास्तीत जास्त पंधरा रेषा शक्य असतात. आपलं काम पाचांत झालं. सहा बिंदू हाताने जमतात. बिंदू वाढले की जमत नाही. टेरी रिगिअर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की कमीत कमी रेषांचा नकाशा शोधणं हे गणिती दृष्ट्या अवघड प्रश्नांपैकी आहे, आणि दर पावलाला जास्तीत जास्त खंड भरून काढणारी रेषा निवडत गेलं तर उत्तर व्यवहारात चांगलं येतं. हातानेही तसंच करावं: जी रेषा सगळ्यात जास्त भाषांची अडचण सोडवते ती आधी.

आता या नकाशावर शंका घेऊ, कारण ती घ्यायलाच हवी. साधन–सोबत ही रेषा भक्कम आहे, तिच्यामागे स्वतंत्र भाषा उभ्या आहेत. शिवाय ती पुढचं सांगते: जिथे अजून दोन चिन्हं आहेत तिथे एक दुसऱ्यावर चाल करणार असेल, तर याच रेषेवरून. बोलीतल्या सर्बियनमध्ये ‘सा ओलोव्कोम’ ऐकू येतं, सोबतीचा ‘सा’ साधनाला लावलेला. शाळेत ते चूक म्हणून खोडतात, नकाशावर ते अपेक्षित आहे. उलट मार्ग–कर्ता ही रेषा एकट्या ‘प्शेझ’वर उभी आहे. ती तुटक काढावी. कर्ता साधनाशीच थेट जोडलेला असणं अर्थाच्या दृष्टीने जास्त पटतं. पाणिनीने ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ या एकाच सूत्रात दोघांना बसवलं आहे. पण संस्कृतची तृतीया सोबतीवर आणि मार्गावरही पसरते, त्यामुळे तिच्या साक्षीने हा वाद सुटत नाही. पाणिनीकडून घ्यायची गोष्ट वेगळी: कारक, म्हणजे क्रियेतल्या भूमिका, एका यादीत, विभक्ती दुसऱ्या यादीत, आणि दोघांना जोडणारी सूत्रं तिसरीकडे. बिंदू आणि चिन्ह वेगळे ठेवायचे, ही शिस्त तीच.

वाक्यं गोळा करताना चुका कुठे होतात, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक नकाशे तिथेच बिघडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्रियापदाचा हट्ट विभक्तीच्या अर्थात धरणं. रशियनमध्ये कारखाना चालवण्याला ‘उप्राव्ल्यात्य झावोदोम’ म्हणतात, तृतीया. कारखाना साधन नव्हे, पण तेवढ्यावरून ‘ताब्यातली वस्तू’ असा नवा बिंदू काढायचा नाही. दोन कसोट्या लावाव्यात. ते नाम गाळून वाक्य उभं राहतं का? आणि दुसऱ्या कुठल्याही क्रियापदाबरोबर तोच अर्थ येतो का? ‘कारान्दाशोम’ गाळता येतं, आणि पेन्सिलीने लिहिता, खोडता, टोचता येतं. ‘झावोदोम’चं तसं नाही. अशी उदाहरणं वेगळ्या वहीत ठेवावीत; विभक्ती कुठल्या अर्थाकडे झुकते हे समजायला ती उपयोगी पडतात, पण तक्त्याचं घर भरायला नाही.

दुसरी चूक रूपांची. रशियन स्त्रीलिंगी एकवचनात ‘क्निगे’ ही चतुर्थी आणि सप्तमी दोन्ही असते. पुल्लिंगी प्राणिवाचकात द्वितीया आणि षष्ठी सारखीच: ‘ब्राता’. रूप बघून विभक्ती ठरत नसेल तर त्याच जागी दुसरं नाम घालून बघावं. ‘ब्राता’च्या जागी बहीण ठेवली की द्वितीया ‘सेस्त्रू’ आणि षष्ठी ‘सेस्त्री’ असा उलगडा होतो. यंत्राने खुणा केलेले भाषासंग्रह वापरताना तर हे रोजचंच काम. झेक संग्रहांमधली खूण पंधरा जागांची असते आणि पाचव्या जागेवर विभक्तीचा आकडा असतो. तो आकडा झेक शाळेच्या क्रमाचा: 6 म्हणजे आपली सप्तमी, 7 म्हणजे आपली तृतीया. आपल्या क्रमाने वाचलं तर सगळा तक्ता निमूटपणे चुकतो, कुठेही अडखळत नाही.

तिसरी चूक समांतर मजकुरांची. एकाच कादंबरीची पाच भाषांतरं घेतली की काम सोपं होतं, पण अनुवादक वाक्यच फिरवतात. कर्मणीचं कर्तरी केलं की कर्त्याचं घर रिकामं दिसतं आणि त्या भाषेत तो प्रकारच नाही असा समज होतो. म्हणून प्रत्येक घराला निदान वीसेक वाक्यं असावीत, आणि त्यांतली निम्मी त्या भाषेत मुळात लिहिलेल्या मजकुरातली.

चतुर्थीचा नकाशाही असाच उभा राहतो. त्याची एकच जागा दाखवतो. ‘त्याचे वडील वारले’ हे झेकमध्ये ‘उम्रेल मु ओतेत्स’, शब्दशः ‘त्याला वडील वारले’. रशियनमध्ये ‘उ निएगो’, म्हणजे ‘त्याच्याकडे’, असं षष्ठीचं वळण येतं. घेणारा (‘मित्राला पुस्तक दिलं’) आणि अनुभवणारा (‘मला थंडी वाजते’) रशियन चतुर्थीत आहेतच. दिशा मात्र गेली: जुन्या रशियन बखरींत ‘कीएवला गेला’ला नुसती चतुर्थी चालते, आज ‘क’ हा शब्दयोगी लागतो. मराठीने ‘पुण्याला’ टिकवलं आहे.

षष्ठीपाशी मात्र ही पद्धत अपुरी पडते. नकारात कर्माला षष्ठी लावणं पोलिशमध्ये आणि स्लोव्हेनियनमध्ये सक्तीचं आहे. ‘माझ्याकडे वेळ नाही’ म्हणजे पोलिशमध्ये ‘न्ये माम चासु’, दुसरा पर्याय नाही. झेकमध्ये ती जवळपास गेली. रशियनमध्ये दोन्ही चालतात: वर्तमानपत्र वाचलं नाही, ‘गाझेतू’ किंवा ‘गाझेती’. द्वितीया बहुतेक वेळा ठरावीक, ओळखीच्या वस्तूकडे झुकते. षष्ठी अनिश्चित किंवा अमूर्त गोष्टीकडे. पाणी प्यायलो, ‘वोदू’ म्हणजे ते समोरचं पाणी. ‘वोदी’ म्हणजे थोडंसं पाणी. इथे विभक्तीला अर्थ आहे, कारण बोलणाऱ्याला निवड आहे. पोलिश नकारात निवडच नाही, म्हणून तिथल्या षष्ठीला ‘अनिश्चितता’ हा अर्थ चिकटवता येत नाही. ते निव्वळ वाक्यरचनेचं काम आहे. एकाच तक्त्यात दोघींना ‘नकार’ या एका घरात भरलं, तर सक्ती आणि निवड सारखी दिसू लागते. रशियनसाठी इथे बिंदूऐवजी मोजणी लागते: प्रत्येक क्रियापदामागे, प्रत्येक प्रकारच्या नामामागे, शंभर नकारी वाक्यांत किती षष्ठी आणि किती द्वितीया. आणि मोजताना पुल्लिंगी प्राणिवाचक नामं आधीच बाजूला काढायची, कारण त्यांच्यात हा फरक दिसूच शकत नाही.