कसबा पेठेतलं दोन खणांचं घर

(तांबट आळी, सकाळ. हातोड्यांचा आवाज.)

पुण्याच्या तांबट आळीतले हे ठोके. पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोके उमटवायचं काम, चालत आलंय. हा आवाज जिथपर्यंत पोचतो तिथेच, कसबा गणपतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका बोळाच्या टोकाला हे घर आहे. खाली दोन खण, म्हणजे खांबांमधल्या दोन जागा, वर एक खोली, मागे मोरीपुरतं अंगण. वाड्याच्या वाटण्या झाल्या, त्यातला हा सगळ्यात लहान वाटा. बाकीच्या वाट्यांच्या जागी काय उभं राहिलंय, ते उजव्या हाताला दिसतंच आहे.

(खरवडलेली भिंत, जवळून.)

ही भिंत नीट बघा. खाली वीट, वर उन्हात वाळवलेल्या मातीच्या भेंड्या, म्हणजे कच्च्या विटा. मधल्या काळात कुणीतरी तिला सिमेंटचा गिलावा केला आणि ओल आत कोंडली. जमिनीतून चढणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. लोणा लागला, म्हणजे भिंतीवर क्षार फुटले, पोपडे सुटले. "वाडा पडायला आलाय" असं आपण सहज म्हणतो. त्यातले कितीतरी वाडे असल्या दुरुस्तीनंच पडायला आणलेत.

इथे तो गिलावा छिन्नीनं, हलक्या हातानं उतरवला. मग चुना. चुनकळीवर, म्हणजे भाजलेल्या चुनखडीवर, पाणी पडलं की ते असं खदखदायला लागतं, वाफा निघतात. विरलेला चुना गाळून पाण्याखाली मुरवायचा, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. गवंडीबाबा बोटांत माल चोळून बघतायत. अजून भरड आहे, पुन्हा घाण्यात. थर पातळ द्यायचा, तो जरा घट्ट झाला की दुसरा. घाई केली की तडे आलेच. भिंतीवर चढल्यावरही चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, आणि तरी आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंटला हे जमत नाही.

(खांबाचा पाय. सुतार.)

सागवानी खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकतो, तिथे वीतभर कुजला होता. लोखंडी गर्डर घालणं सोपं होतं. सुतारांनी तुळईला टेकू दिला, कुजका भाग कापला आणि दुसऱ्या एका पाडलेल्या वाड्याचं सागवान तिरका सांधा करून बसवलं. सांधा उघडाच ठेवलाय. लपवला नाही, हे फार चांगलं केलं.

जिन्याखाली संडास-बाथरूम केलंय. विजेच्या तारा भिंत न फोडता लाकडी पट्टीतून नेल्यात. मंगलोरी कौलांमध्ये दोन काचेची कौलं बसवली, त्यांचाच हा उजेड.

घरचे लोक आता पुण्याबाहेर असतात, म्हणून घर विकायचं आहे. भाडेकरू नाही, मालमत्ता पत्रकावर एकच नाव आहे. बोळात चारचाकी येत नाही. शेजारच्या बिल्डरनंही विचारून ठेवलंय.

राहायला घेणार असाल, तर एवढं सांभाळा: या भिंतींना प्लास्टिक पेंट लावू नका. दोन-तीन वर्षांनी, पाऊस ओसरला की चुन्याची सफेदी पुरते. चुना कुठून आणायचा आणि कसा विरवायचा, ते गवंडीबाबा येऊन दाखवतील. तसं त्यांनी कबूल केलंय.