माशी सोडा, तिचं घर बघा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत सकाळी सकाळी आरडाओरडा झाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातूनच हाक मारली, "सर, लवकर या हो, गांधीलमाश्यांनी घर केलंय!" मी चपला अडकवून पोहोचलो, तोवर त्यांचा मुलगा एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात झुरळांचा स्प्रे घेऊन तयार. खिडकीच्या चौकटीत पाहतो तर मातीचा लिंबाएवढा गोळा. म्हटलं, "झाडू ठेव बाबा, ही कुंभारीण माशी आहे."

माशी ओळखायची तर लोक माशीकडे बघतात, आणि फसतात ते तिथेच. ती क्षणभर एका जागी थांबत नाही. शिवाय काळे-पिवळे पट्टे तर फुलांवर तरंगणाऱ्या एका गरीब माशीलाही असतात. तिला पंख दोनच, मधमाशीला आणि गांधिलीला चार. पण हे पंख मोजायला जवळ कोण जाणार? घर मात्र पळून जात नाही. ते कशाचं बांधलंय, एवढं लांबून बघा.

मातीचं असेल तर निर्धास्त राहा. कुंभारीण एकटी राहते. तिच्यामागे फौज नसते, त्यामुळे घर राखायला ती अंगावर धावून येत नाही. मुठीत सापडली तरच डंख मारील. ओली माती तोंडात धरून आणते, खोली बांधते, त्यात कोळी किंवा अळ्या कोंबते. मारून नाही बरं का, नांगीने लुळ्या करून, म्हणजे शिकार ताजी राहते. तिथेच अंडंही घालते आणि दार लिंपून टाकते. आपल्याकडचा कीटक-भृंगी न्याय इथूनच आला. आत गेली अळी, बाहेर आली माशी, तेव्हा भृंगीचं, म्हणजे या माशीचं, ध्यान करून कीटकच भृंगी झाला, असं म्हणत आले लोक. दृष्टान्त सुरेखच आहे. आत घडतं ते जरा क्रूर, कारण पिल्लू त्या अळीला जिवंतपणी खातं. गोळ्याला गोल भोकं पडलेली दिसली की पिल्लं उडाली म्हणून समजा. मग खुशाल खरवडा.

कागदाचं घर म्हणजे गांधील. जुन्या दारांचं, कुंपणाच्या खांबांचं लाकूड ती खरवडते, लाळेत चघळून त्याचा करडा कागद करते. बारीकशा देठाला लोंबणारी, खाली तोंड केलेली उघडी घरं छज्ज्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात दिसतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी अशाच एका गांधिलीच्या वसाहतींचा कित्येक दशकं अभ्यास केलाय. तुम्ही घराला हात लावला नाहीत तर ती सहसा वाटेला जात नाही, आणि बागेतल्या अळ्या मात्र वेचून नेते. मोठी काळी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली गांधील पोकळीत किंवा जमिनीत वसते. तिच्यापासून दूरच राहा. सध्या द्राक्षांचे दिवस आहेत. फुटलेल्या मण्यांवर गांधिली आणि मधमाश्या दोघीही बसतात, म्हणून क्रेटमध्ये न बघता हात घालू नका.

पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या तुळईला बोटभर गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर तो भुंगा. आवाज मोठा, पण नराला नांगीच नसते आणि मादी क्वचितच डंख मारते.

राहिलं मेणाचं घर, म्हणजे मधमाश्यांचं. भिंतीच्या पोकळीत सातेरी, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं लावणारी फुलोरी. या दोघी तशा सौम्य. आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. उंच इमारत, पाण्याची टाकी, कडा अशा ठिकाणी ते उघड्यावर लटकतं, कधी हातभराहून रुंद. त्यावर माश्यांची लाट उसळताना दिसली तर ती गांधिलीला दिलेली ताकीद असते. सोसायटीत लागलं तर धूर, दगड, फटाके काही नको. फुलोरा संपला की बहुधा ते आपणहून उठतं. पांडवलेणीसारख्या कड्याकपारीच्या ठिकाणी जाताना उग्र सेंटही नको. आणि माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून पळा, खोलीत किंवा गाडीत शिरून काचा लावा. हातवारे करू नका. पाण्यात उडीही मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

आपण "चावली" म्हणतो, पण हा डंख असतो. मधमाशीच्या काट्याला आकडे असतात, म्हणून तो विषाच्या पिशवीसकट कातडीत रुततो आणि माशी मरते. गांधिलीचा काटा गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा टोचते. काटा दिसला तर नखाने लगेच खरवडून काढा, कारण पिशवी नंतरही विष ढकलत राहते. चुना शोधण्यात वेळ घालवू नका. साबणाने धुवा आणि बर्फ लावा. डंख तोंडात किंवा घशात असेल, किंवा एकदम खूप डंख असतील, तर घरगुती उपाय पुरे नाहीत, सरळ दवाखाना गाठा. आणि सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला किंवा चक्कर आली, तर 108 ला फोन करा. कोणती माशी चावली, ते नंतर बघू.