रात्रभर जागा राहिलेला हिरवा दिवा

(पहाट. मोटर होमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या आत अंधार. कोपऱ्यात एक हिरवा ठिपका.)

सगळे गाढ झोपलेत. दिवे बंद, पंखा बंद. जागा आहे तो फक्त इन्व्हर्टर, बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरातल्यासारखे २३० व्होल्ट करणारा. काल रात्री मोबाइल चार्ज करायला सुरू केला आणि तसाच राहिला.

मोबाइल दोन तासांत भरला. इन्व्हर्टर मात्र काही काम नसताना १५ वॅट खात बसला. आठ तासांत १२० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १० अँपिअर-तास गेले, आणि कुणाला पत्ता नाही.

(किटलीचं बटण दाबणारा हात. लगेच अलार्म.)

आता ही १५०० वॅटची किटली. पाच मिनिटांत पाणी उकळायला लागतात साधारण १२ अँपिअर-तास, म्हणजे रात्रभराच्या गळतीपेक्षा थोडेच जास्त. मग एवढा आरडाओरडा कशाला?

कारण ही वीज एकदम हवी असते. इन्व्हर्टरमधली तूट धरून बॅटरीतून जवळपास १४० अँपिअर ओढले जातात. वायर बारीक असेल किंवा बॅटरी थकलेली, तर व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. बॅटरीत वीज शिल्लक असते, तरीही.

किती शिल्लक? बॅटरीवर १०० एएच, म्हणजे अँपिअर-तास, छापलंय. लेड-ॲसिड असेल तर त्यातले ५०च आपले समजायचे. रोज त्याखाली उतरलात तर बॅटरी लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० सहज देते, पण तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. तिथे व्होल्टमीटर बघून अंदाज बांधणं म्हणजे झाकलेला माठ बाहेरून न्याहाळणं. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीवर शंट, म्हणजे करंट मोजणारा तुकडा, बसवा. तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो.

आणि हो, "तासभर गाडी चालवू, भरेल बॅटरी" हे लेड-ॲसिडच्या बाबतीत विसरा. शेवटचे वीसेक टक्के भरायलाच काही तास जातात.

(हिरवा दिवा विझतो.)

मोबाइलला मुळात इन्व्हर्टर लागतच नव्हता. १२ चे २३० व्होल्ट करायचे आणि चार्जरने ते पुन्हा ५ वर आणायचे, कशासाठी? १२ व्होल्टच्या सॉकेटला यूएसबी चार्जर पुरतो.

(गॅसची निळी ज्योत. भांड्यात पाणी.)

चहा गॅसवर चढलाय.