घरातलं ऑफिस जुलैसाठी मांडा

(फोंड्यातल्या एका वाचनालयात अंतर्गत सजावटीचं काम करणाऱ्या वक्त्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी सांगितलं होतं, घरातलं ऑफिस कसं सजवायचं यावर बोला. लोकांना रंग, पडदे, कुंड्या असं ऐकायला आवडतं. रंगाचं बोलेन, पण शेवटी आणि थोडंच. गोव्यात हे काम रंगापासून सुरू करणारे पुष्कळ जण पुढच्या जुलैत मला बोलावतात. तोवर भिंतीला पोपडे आलेले असतात, फायलींवर बुरशी असते आणि नव्या टेबलाचा ड्रॉवर उघडत नसतो. आपल्याकडे टेबल कुठे ठेवायचं हे पाऊस ठरवतो.

वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत झड खाते. जुन्या घरांचे चिरे म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र. तो पाणी शोषतो आणि सावकाश आत सोडतो. जुनी माणसं पश्चिमेच्या बाजूला विणलेली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, बांधायची, छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर काढायची, भिंतीला चुन्याचा गिलावा करायची. चुन्यातून ओल बाहेर पडते. आपण त्यावर प्लास्टिक पेंट चढवतो आणि ओल आत कोंडतो.

म्हणून पुस्तकांचं, कागदपत्रांचं कपाट या दोन भिंतींना लावू नका. घराच्या आतली, दोन्ही बाजूंना खोल्या असलेली भिंत शोधा. तिलाही कपाट चिकटवू नका, चार बोटं अंतर सोडा. हवा फिरली पाहिजे. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. एवढ्या दमट किनाऱ्यावर कागद सांभाळणं हे काय प्रकरण आहे, ते तिथे काम करणाऱ्यांना विचारा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज ८५–९० टक्क्यांवर जाते. एक साधं आर्द्रतामापक विकत घ्या. सजावटीच्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते उपयोगी. एसी असेल तर दुपारी तासभर ‘ड्राय’वर चालवा. महत्त्वाची कागदपत्रं, कॅमेरा, हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, ओल जात नाही. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

आता उजेड. मासिकांतून सांगतात, उत्तरेच्या खिडकीजवळ बसा, तिथे ऊन येत नाही. हा सल्ला आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या लोकांसाठी आहे. पणजी साडेपंधरा अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात सकाळ-संध्याकाळची तिरीप उत्तरेच्या खिडकीतूनही येते. जूनपासून ढग असतात म्हणून जाणवत नाही, पण मे महिन्यात स्क्रीनवर काही दिसत नाही. उपाय सोपा: खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा, समोर नको आणि पाठीमागेही नको. पडदा पातळ, पांढरा, सुती. जुन्या घरांत शिंपल्यांची तावदानं आहेत ना, ती काढून काच बसवणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या शिंपल्यांतून येणारा मऊ उजेड विकत मिळत नाही.

फर्निचरबद्दल माझं मत कडक आहे. पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, तयार टेबल इथे आणू नका. एकदा कडेतून पाणी शिरलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं. नवं करायचं तर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं मरीन प्लाय, म्हणजे ओलीत टिकणारं प्लायवूड घ्या, आणि सुताराला सगळ्या कडा बंद करायला सांगा. दिसत नाही ती खालची कडही. त्याहून बरं म्हणजे माळ्यावर टाकलेलं आजोबांचं फणसाचं किंवा सागवानी टेबल खाली काढा. फक्त उंची मोजा. ७२ ते ७५ सेंटिमीटर ठीक. जुनी टेबलं कधी जास्त उंच असतात. मग खुर्ची वर घ्यायची आणि पायांखाली लाकडी पाट ठेवायचा. पाटाला यापेक्षा चांगली नोकरी आता मिळणार नाही. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, आणि कीबोर्ड वेगळा जोडा. रेक्झिनची खुर्ची दमटपणात सोलते, जाळीची टिकते.

बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, बसून काम करण्याचं स्वप्न मुंबई-पुण्याहून आलेल्यांना फार पडतं. बसा, पण मीटिंग घेऊ नका. सकाळी पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू, मग नुस्तेकाराचा म्हणजे मासेवाल्याचा, आणि मध्येच ‘काय चाललंय’ म्हणत पायरी चढणारे शेजारी. बाल्कांव बांधलंच मुळी येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यासाठी, त्याला दोष कशाला?

खरी अडचण चवथीची. बहुतेकांचं ऑफिस हॉलच्या कोपऱ्यात असतं, आणि गणपती तिथेच बसतो. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, पाहुणे यायचे, काहींकडे दीड दिवस, काहींकडे पाच किंवा जास्त. त्यामुळे हॉलमधलं ऑफिस उचलता येईल असंच हवं: घडीचं टेबल, चाकांचं छोटं कपाट, सगळ्या वायरी एकाच पट्टीला, म्हणजे एक प्लग काढला की संपलं. मी तर गिऱ्हाइकाला आधी हेच विचारतो, तुमचा गणपती कुठे बसतो? त्या उत्तरावर अर्धा आराखडा होतो.

विजेचं थोडक्यात. वीज गेली की इन्व्हर्टर किती वेळ पुरेल, याचा हिशेब करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. गळती धरून १२०० समजा. लॅपटॉप, राउटर, एक पंखा, एक ट्यूब मिळून १७५ वॅट, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. फ्रिज चुकूनही त्यावर जोडू नका. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कोरड्या दिवसांत तपासा, तेव्हा ठीक असेल तर पावसात असतेच.

राहिला रंग. फिका, चमक नसलेला. चमकदार रंगात दिव्याचं प्रतिबिंब पडतं. व्हिडिओत मागे काय दिसतं याची लोक फार चिंता करतात. तोंडावर समोरून उजेड असला की मागे कोण बघतो! बाहेरच्या भिंतीला आतून शक्यतो चुनाच द्या. आणि वेळ पाळा. चवथीच्या आधी घर रंगवायची आपली रीत आहे, पण तेव्हा भिंत आतून ओली असते, आणि ओल्या भिंतीवर रंग नीट धरत नाही. ऑफिसच्या भिंती तेवढ्या मार्चमध्ये रंगवून घ्या. बाकीचं घर चवथीला रंगवा, त्याला माझी ना नाही.